नत्राचा परतीचा रस्ता

‘नत्रचक्राची सुबक आकृती काढून वर्णन करा’ हा प्रश्न आमच्या विषयात इतक्या वेळा येऊन गेला आहे की, विद्यार्थी तो वाचण्याआधीच पेन्सिलीला टोक काढू लागतात. आकृतीही ठरलेली. वर एक ढग, त्यात वीज, खाली द्विदल पिकाचे एक रोप आणि त्याच्या मुळांवर मोत्यांसारख्या गाठी, बाजूला खताच्या कारखान्याचे धुरांडे. आकाशातून जमिनीकडे येणारे बाण चांगले जाड. कोपऱ्यात मात्र एक बारीक बाण जमिनीकडून वर जातो, त्यावर ‘विनत्रीकरण’ असा शब्द लिहिलेला असतो, आणि काही पुस्तकांत शेजारी कंसात ‘हानिकारक’ असा शेरा. पूर्ण गुण मिळतात, आणि तो बारीक बाण पुढच्या परीक्षेपर्यंत विसरला जातो.

मी गेली काही वर्षे हा विषय शिकवतो आहे आणि ह्या आकृतीबद्दल माझी तक्रार आहे. ती चूक नाही, पण लंगडी आहे. जिथे वर्गातल्या निम्म्याहून अधिक मुलामुलींच्या घरी ऊस, भात किंवा सोयाबीन आहे अशा आपल्या भागात लंगडी आकृती शिकवणे परवडणारे नाही. कारण ज्या बाणाला आपण कोपऱ्यात बसवले आहे, त्याच्या वाटेने आपल्या घरचे पैसे जातात आणि जगाची हवाही तिथूनच बिघडते.

आधी जाड बाणाचे ऋण मान्य करतो. हवेत ७८ टक्के नत्र आहे, पण त्याचे दोन अणू एकमेकांना तिहेरी बंधाने असे घट्ट धरून असतात की कोणत्याही पिकाला ते जसेच्या तसे पचत नाहीत. फ्रिट्झ हाबरने १९०९ साली हा बंध प्रयोगशाळेत तोडून दाखवला आणि कार्ल बॉशने १९१३ साली त्याचा कारखाना उभा केला. त्यासाठी चार-पाचशे अंश तापमान आणि वातावरणाच्या शेकडो पट दाब लागतो. तेच काम भुईमुगाच्या मुळावरचा रायझोबियम जीवाणू आपल्या शिवारातल्या साध्या उन्हात, साध्या हवेत करतो. त्याच्याजवळचे नायट्रोजनेज हे विकर लोह आणि मॉलिब्डेनम ह्यांच्या जोरावर चालते, मात्र प्राणवायूचा स्पर्श त्याला सोसत नाही. म्हणून झाड त्याच्यासाठी गाठीच्या आत आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचा चुलतभाऊच तयार करून ठेवते. तो प्राणवायूला मोजून-मापून आत सोडतो. विद्यार्थ्यांनी सोयाबीन फुलावर असताना एक रोप हलकेच उपटावे आणि गाठ नखाने फोडावी. आत गुलाबी दिसले तर गडी कामावर आहे असे समजावे. पांढरी किंवा करडी दिसली तर गाठ असूनही उपयोग नाही. पुस्तकाचे पान न उलटता शिकता येणाऱ्या फार थोड्या गोष्टींपैकी ही एक आहे.

आपल्या आजोबा-पणजोबांना रायझोबियम हे नाव माहीत नव्हते, पण ‘बेवड’ हा शब्द माहीत होता. हरभऱ्याच्या बेवडावर ज्वारी चांगली येते, हे त्यांना कुणी प्रयोगशाळेतून सांगितलेले नव्हते. भाताच्या मागून त्याच ओलीवर हरभरा, वाटाणा, मसूर घेण्याची आपल्या काळ्या शिवारातली रीत हीही त्याच समजुतीतली. असो. ह्या बाजूचे कौतुक पुष्कळ झाले आहे आणि ते योग्यच आहे.

आता मौज पाहा. १८८६ साली हेलरीगेल ह्या जर्मन शास्त्रज्ञाने बर्लिनच्या सभेत जाहीर केले की, शेंगवर्गीय झाडे गाठींतल्या जीवांच्या मदतीने हवेतला नत्र घेतात. दोनच वर्षांनी हॉलंडच्या बायरिंकने तो जीवाणू वेगळा काढून वाढवला. आणि त्याच १८८६ साली फ्रान्समध्ये बोर्दो येथे गेयाँ आणि द्युपेती ह्या दोघांनी दाखवून दिले की, दुसरे काही जीवाणू नायट्रेट फोडून त्याचा वायू करतात आणि तो हवेत परत सोडतात. येण्याचा रस्ता आणि जाण्याचा रस्ता एकाच वर्षी सापडला. पहिल्याला पुस्तकात आख्खे प्रकरण मिळाले आणि दुसऱ्याला बारीक बाण. माणूस जमेची बाजू मोठ्याने वाचतो आणि खर्चाची हळू, हे घरच्या वहीत जसे तसेच शास्त्राच्या वहीतही.

ह्या परतीच्या रस्त्याला चार पायऱ्या आहेत. नायट्रेटपासून नायट्राइट, त्यापासून नायट्रिक ऑक्साइड, त्यापासून नायट्रस ऑक्साइड आणि शेवटी पुन्हा निरुपद्रवी नत्रवायू. जीवाणू हे आपल्या शेतकऱ्याचे वाईट व्हावे म्हणून करत नाहीत. मातीत पाणी साचले की प्राणवायू संपतो, आणि श्वासासाठी प्राणवायूच्या जागी नायट्रेट वापरण्याची युक्ती त्यांच्याजवळ आहे, इतकेच. पायरी पायरीने ते नायट्रेटमधला प्राणवायू काढून घेतात. चारही पायऱ्या पुऱ्या झाल्या तर शेताचे नुकसान होते, पण हवेचे होत नाही. घोटाळा तिसऱ्या पायरीवर थांबण्यात आहे.

नायट्रस ऑक्साइड म्हणजे तोच ‘हसवणारा वायू’, जो हम्फ्री डेव्हीने १७९९ साली स्वतः हुंगून पाहिला आणि जो पुढे दातांच्या डॉक्टरांनी वापरला. हवेत गेल्यावर मात्र तो हसण्यावारी नेण्यासारखा राहत नाही. वजनास वजन धरले तर शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट उष्णता अडवतो, आणि शंभराहून अधिक वर्षे हवेत टिकतो. शिवाय वर जाऊन तो ओझोनचा थरही खातो. ए. आर. रविशंकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली दाखवून दिले की, ओझोन नष्ट करणारे जे पदार्थ माणूस आता हवेत सोडतो आहे त्यांत पहिला क्रमांक ह्याच वायूचा आहे. हे रविशंकर म्हैसूर विद्यापीठात शिकले, ही गोष्ट ह्या अंकाच्या कन्नड विभागाच्या वाचकांना आवडेल आणि मराठी विभागालाही आवडायला हरकत नाही. कारखानदारीच्या आधी हवेच्या दर अब्ज भागांत हा वायू सुमारे २७० भाग होता. २०२२ साली तो सुमारे ३३६ झाला होता. आणि माणसामुळे जी भर पडते तिचा सर्वांत मोठा वाटा धुरांड्यांतून येत नाही, शेतांतून येतो.

शेवटची पायरी ज्या विकरामुळे पार पडते, त्याला तांबे लागते, आणि त्याचा स्वभाव फार नाजूक. माती आम्ल असली की ते नीट बांधलेच जात नाही. म्हणून आम्ल जमिनीत नत्र परत जाताना त्यातला अधिक हिस्सा नायट्रस ऑक्साइड म्हणून निसटतो. खानापुराकडच्या, भरपूर पावसाने धुऊन निघालेल्या तांबड्या-जांभ्या मातीला हे लागू पडते. त्या जमिनीला चुना घालायचा सल्ला शेतकी खाते पिकासाठी देते. त्याच चुन्याने ह्या जीवाणूंची शेवटची पायरीही सुधारते, हे मात्र शेतकऱ्याला कुणी सांगत नाही आणि आम्हीही वर्गात सांगत नाही.

दुसरी गोष्ट पाण्याची. मातीच्या पोकळ्यांत पाणी आणि हवा ह्यांचा मेळ बसलेला असतो त्या अवस्थेला मराठीत ‘वाफसा’ म्हणतात. माझ्या मते सबंध मृदाशास्त्रात इतका नेमका शब्द दुसरा नाही. कन्नडमध्ये त्या अर्थाने ‘हद’ म्हणतात (एकाच ‘द’चा, हद्द नव्हे). वाफसा आहे तोवर विनत्रीकरण सुस्त असते. पोकळ्या साधारण सत्तर-ऐंशी टक्के पाण्याने भरल्या की नायट्रस ऑक्साइडचे माप सर्वांत वर जाते. पूर्ण डुबल्या तर बहुतेक वायू शेवटच्या पायरीपर्यंत जाऊन साधा नत्र होतो. आता उसाचे रान डोळ्यांपुढे आणा. पाळीचे पाणी आले की सरी काठोकाठ भरायची, आदल्याच दिवशी युरिया फेकलेला असतो, मग चार दिवस चिखल, मग भेगा, मग पुन्हा पाणी. भिजणे आणि वाळणे ह्यांची ही आवर्तने म्हणजे जीवाणूंना तिसऱ्या पायरीवर उभे करून ठेवण्याचा जणू अभ्यासक्रमच आहे. काळ्या जमिनीत तर पाणी निचरायलाच दिवस लागतात.

पैशाचाही हिशेब करू. युरियाचे पोते आता ४५ किलोचे असते. २०१८ पर्यंत ५० चे होते. त्यात ४६ टक्के नत्र, म्हणजे पोत्यामागे जेमतेम पावणेएकवीस किलो. जगभरच्या धान्यपिकांसाठी १९९९ साली जो हिशेब मांडला गेला, त्यात घातलेल्या नत्रापैकी फक्त ३३ टक्के दाण्यात पोचतो असे निघाले. म्हणजे पोत्यातले सातेक किलो दाण्यात. उरलेल्यातले काही काडात आणि मातीत राहते, काही अमोनिया होऊन उडते, काही नायट्रेट होऊन विहिरीत उतरते आणि काही आपल्या त्या बारीक बाणाने वर जाते. देश वर्षाला साडेतीनशे लाख टनांहून अधिक युरिया वापरतो. त्यावर सरकार अनुदान देते म्हणून पोते अडीचशे-पावणेतीनशे रुपयांत मिळते, आणि स्वस्त मिळते म्हणून दोनाच्या जागी तीन पडतात. हिरवागार रंग पाहून समाधान वाटते, हे मीही घरच्या शेतावर पाहिले आहे. पण पानाचा हिरवा रंग ही काही जमाखर्चाची वही नव्हे.

विहिरीचे म्हणाल तर केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या वार्षिक अहवालात कर्नाटकातल्या जवळजवळ निम्म्या नमुन्यांत नायट्रेट ठरलेल्या मर्यादेहून, म्हणजे लिटरमागे ४५ मिलिग्रॅमहून अधिक आढळले. असले पाणी वापरून तान्ह्या बाळाचे वरचे दूध केले तर त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती कमी होते आणि बाळ निळे पडू शकते. नायट्रेट उकळल्याने जात नाही, उलट पाणी आटले की दाट होते. हे वाक्य तरी प्रत्येक विद्यार्थ्याने घरी जाऊन सांगावे.

ह्यावर एक आक्षेप हमखास येतो आणि तो रास्त आहे. मग युरिया बंद करायचा का? नाही. श्रीलंकेने २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत रासायनिक खतांची आयात एका झटक्यात बंद करून पाहिली. भाताचे उत्पन्न घसरले, देशाला तांदूळ बाहेरून आणावा लागला, आणि नोव्हेंबरपर्यंत ती बंदी मागे घ्यावी लागली. आज जगातली जवळजवळ निम्मी माणसे कारखान्यातल्या नत्रावर पोसलेली आहेत. त्या भाकरीला नावे ठेवण्याचा अधिकार भरल्या पोटी बसलेल्या प्राध्यापकाला नाही. सगळे काही पूर्वीसारखे करा म्हणजे सगळे ठीक होईल, असे म्हणणाऱ्यांचा आणि माझा पक्ष एक नव्हे. माझे म्हणणे एवढेच की, जो नत्र आपण विकत घेतो त्याच्या जाण्याचा रस्ता ओळखल्याशिवाय विकत घेण्यात शहाणपण नाही.

ह्या बाबतीत ब्राझीलचे उदाहरण मला फार बोलके वाटते. योहाना डोबेराइनर ही चेकोस्लोव्हाकियात जन्मलेली बाई १९५० साली ब्राझीलला गेली आणि तिथल्या मातीतल्या जीवाणूंवर आयुष्यभर काम करत राहिली. सोयाबीनला नत्रखत न देता जीवाणू द्यावेत, हा आग्रह तिने धरला. आज ब्राझीलचे अफाट सोयाबीन जवळजवळ नत्रखताशिवाय उभे आहे. १९८८ साली तिने आणि तिच्या सहकाऱ्याने उसाच्या कांड्यातूनच एक नत्र बांधणारा जीवाणू काढला. भर साखरेत राहून काम करणारा! आपल्याकडेही सोयाबीन आहे, ऊस आहे, जीवाणूंची पाकिटेही मिळतात. पण एकदा मी एका दुकानात पाकीट मागितले, तेव्हा ते पत्र्याच्या छपराखाली, मुदत संपून पाच महिने झालेल्या अवस्थेत निघाले. दुकानदाराला वाटत होते की ती पावडर आहे. ती पावडर नव्हे, ते जिवंत जीव आहेत आणि उन्हात मरतात, हे त्याला कुणी सांगितलेच नव्हते.

आता परतीच्या रस्त्यावर नवे काय सापडले ते पाहा, म्हणजे आकृती का बदलली पाहिजे ते पटेल. १९७७ साली ऑस्ट्रियाच्या ब्रोडा ह्या शास्त्रज्ञाने निव्वळ कागदावर हिशेब मांडून म्हटले की, प्राणवायूशिवाय अमोनिया आणि नायट्राइट ह्यांची सांगड घालून नत्रवायू सोडणारा जीवाणू निसर्गात असायला हवा, तो फक्त अजून सापडलेला नाही. हॉलंडमध्ये डेल्फ्ट इथे सांडपाणी शुद्ध करण्याच्या यंत्रणेत तो सापडला आणि १९९५ साली हे छापून आले. आता त्याच्या जोरावर सांडपाण्यातला नत्र काढणारी केंद्रे चालतात. पुढे २०१२ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवले की, शेवटच्या पायरीचे विकर आपण समजत होतो त्याहून कितीतरी अधिक जीवाणूंत आहे. त्यांतले काही तर वरच्या पायऱ्या चढतच नाहीत. शेजाऱ्याने सोडलेला नायट्रस ऑक्साइड नुसता वापरून टाकतात. म्हणजे ज्यांना आम्ही सरसकट ‘हानिकारक’ म्हणून वर्गाबाहेर उभे केले, त्यांच्यातच हवेचे राखणदार होते.

२०२४ साली ‘नेचर’मध्ये नॉर्वेतल्या संशोधकांचे एक काम प्रसिद्ध झाले. सांडपाण्याच्या गाळापासून बायोगॅस काढल्यावर जो चोथा उरतो, त्यात त्यांनी असाच एक नायट्रस ऑक्साइड खाणारा जीवाणू भरपूर वाढवला आणि तो चोथा खत म्हणून जमिनीत घातला. मातीच्या प्रकाराप्रमाणे त्या वायूचे प्रमाण ५० ते ९५ टक्क्यांनी उतरले. हे वाचले तेव्हा मला आपल्या गोबरगॅसची स्लरी आठवली. गावोगावी ती निघते, आणि कशीबशी उकिरड्यावर किंवा उसाच्या सरीत जाते. वास्तविक नुसती स्लरीही नीट न घातल्यास हा वायू वाढवतेच, कारण तिच्यात अमोनिया आणि जीवाणूंचे खाद्य दोन्ही असतात. पण तीच स्लरी ह्या राखणदारांची रोपवाटिका होऊ शकली तर? नॉर्वेच्या थंड मातीतला जीवाणू आपल्या मे महिन्यात टिकेल अशी अपेक्षा करू नये. आपल्या मातीत आपला कुणीतरी असेल. तो ओस्लोहून येऊन कुणी शोधून देणार नाही.

आणि म्हणूनच सहकारी प्राध्यापकांना माझी सूचना आहे. आमच्या प्रयोगशाळेत भारी यंत्रे नाहीत हे खरे. पण नायट्रेटचा रस्सा आणि त्यात उलटी बुडवलेली डरहॅमची छोटी नळी एवढे सामान प्रत्येक महाविद्यालयात आहे. चिमूटभर माती टाकून तीन-चार दिवस ठेवावी. नळीत बुडबुडा जमला तर वायू सुटला. मग सल्फॅनिलिक आम्ल आणि त्याच्या जोडीचे दुसरे द्रावण घालावे. लाल रंग आला तर काम नायट्राइटवर अडले. रंग नाही आला तर जस्ताची चिमूट टाकून खात्री करावी की नायट्रेट खरोखर संपले आहे. बुडबुड्यावर वायूचे नाव लिहिलेले नसते आणि नायट्रस ऑक्साइड पाण्यात बराच विरघळतो, तेव्हा ह्या प्रयोगाने सगळे कळेल असे मी म्हणत नाही. पण कुठल्या गावच्या मातीत हे जीव किती चपळ आहेत ह्याचा एक नकाशा तरी तयार होईल. आजवर हा प्रयोग आम्ही बाटलीतल्या, विकत आणलेल्या जीवाणूंवर करतो. तोच घरच्या मातीवर करायला काय हरकत आहे?

परीक्षेच्या प्रश्नातही थोडा बदल व्हावा. ‘आकृती काढा’ ऐवजी ‘तुमच्या शेतात पडलेल्या एका पोत्यातील नत्र कोणकोणत्या वाटांनी गेला असेल ते लिहा’ असे विचारावे. पाठ केलेले उत्तर चालणार नाही, तपासायला वेळ लागेल, आणि काही उत्तरे आमच्यापेक्षा चांगली निघतील, ही शेवटची भीती मनातून काढून टाकावी लागेल.

येत्या जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला की, वाळलेल्या मातीतले जीव एकदम जागे होतात आणि पहिल्या एक-दोन दिवसांतच ह्या वायूंचा मोठा लोट उठतो. तेव्हाचे नमुने मला हवे आहेत: चिकोडी-रायबागकडच्या उसाचे, बैलहोंगलच्या सोयाबीनच्या रानाचे, खानापूरच्या भातखाचराचे, आणि ज्याच्या घरी गोबरगॅस आहे त्याने स्लरी पडलेल्या जागेचेही. चार बोटे खोलवरची मूठभर माती स्वच्छ पिशवीत घालावी, वर गावाचे नाव, पीक आणि शेवटचे खत कधी घातले ते लिहावे, पिशवी उन्हात ठेवू नये. आणली त्याच दिवशी प्रयोगशाळेत द्यावी. चिठ्ठी मराठीत असो वा कन्नडमध्ये, दोन्ही वाचायला आमच्याकडे माणसे आहेत.